बॉटने लाल फुली मारली, आता पुढे काय?

कोड पाठवल्यावर पहिला प्रतिसाद आता बहुतेक प्रकल्पांत माणसाकडून येत नाही. बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, तो कोड घेतो, कोऱ्या मशीनवर (रनरवर) बिल्ड करतो, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवतो, टेस्ट चालवतो आणि हिरवी खूण किंवा लाल फुली देऊन मोकळा होतो. या वेळच्या प्रश्नांत कोड पाठवणारेही आहेत आणि प्रकल्प सांभाळणारेही (मेंटेनर). दोघांच्या अडचणी खणत गेलं की बहुतेकदा एकच गोष्ट हाती लागते: बॉटने नेमका कोणता कोड, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या अधिकारांनी तपासला, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

प्रश्न: माझ्या मशीनवर सगळ्या टेस्ट पास होतात. पुल रिक्वेस्ट (माझा बदल प्रकल्पात घ्या, अशी विनंती) उघडली की बॉट मात्र फेल दाखवतो. लॉग काही हजार ओळींचा आहे. सुरुवात कुठून करू?

लॉगचा शेवट सोडा, पहिली चूक शोधा. शेवटची 'बिल्ड फेल' ही ओळ फक्त निकाल सांगते. एक हेडर फाइल सापडली नाही की कंपायलर पुढे पन्नास चुका दाखवतो, आणि त्या सगळ्या त्या पहिलीच्याच पोटच्या असतात. 'मेक' हे बिल्डचं साधन समांतर चालत असेल तर खरी चूक शेवटापासून बरीच वर राहते, कारण सुरू झालेली बाकीची कामं आपापला मजकूर छापूनच थांबतात. लॉग उतरवून घ्या आणि 'एरर' हा शब्द पुढच्या कोलनसकट शोधा. नुसता शब्द शोधलात तर फाइलींच्या नावांतही तो सापडत राहील.

मग एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा, बघा. १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही. १२६ म्हणजे फाइल आहे, पण ती चालवायची परवानगी नाही; विंडोजवरून कमिट केलेल्या (गिटमध्ये नोंदवलेल्या) शेल स्क्रिप्टचं हे नेहमीचं दुखणं आहे आणि 'गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स' हा त्यावर उपाय. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, अर्थात प्रोसेस बाहेरून मारली गेली. अशा वेळी तुमच्या कोडवर संशय घेण्याआधी मेमरी संपली का ते तपासा आणि समांतर कामांची संख्या कमी करून पाहा.

आता मुख्य मुद्दा. बॉटने तपासलेला कोड म्हणजे तुमची ब्रँच (कोडची तुमची शाखा) असं गृहीत धरू नका. गिटहब ॲक्शन्समध्ये, म्हणजे गिटहबच्या बॉट-सेवेत, 'पुल_रिक्वेस्ट' या इव्हेंटवर चालणारा वर्कफ्लो (बॉटच्या पायऱ्यांची यादी) तुमची ब्रँच आणि मूळ ब्रँच यांचा तात्पुरता मर्ज (एकत्रीकरण) करून तो तपासतो. म्हणजे काल दुसऱ्या कुणी मुख्य ब्रँचमध्ये केलेल्या बदलामुळे तुमची टेस्ट फेल होऊ शकते, आणि तुमच्या मशीनवर तो बदल आलेलाच नसतो. लॉगमधल्या चेकआउटच्या (कोड उतरवून घेण्याच्या) पायरीवर कमिटचा हॅश (त्याची ओळखखूण) छापलेला असतो. तो तुमच्या शेवटच्या कमिटशी जुळणार नाही. मुख्य ब्रँच ओढून घ्या, तिच्यावर रिबेस करा (तुमचे बदल तिच्या टोकावर पुन्हा रचा) आणि मग टेस्ट चालवा.

एवढं करूनही चूक तुमच्याकडे दिसत नसेल तर नव्या फोल्डरमध्ये ताजा क्लोन घ्या आणि वर्कफ्लोच्या फाइलमधल्या कमांड जशाच्या तशा चालवा. 'गिट ॲड' करायची राहून गेलेली फाइल, गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) अडकलेली कॉन्फिग, मागच्या बिल्डची उरलेली ऑब्जेक्ट फाइल, हे सगळं तिथे लगेच उघडं पडतं. मॅक किंवा विंडोजवर काम करत असाल तर फाइलनावांतली अक्षरं लहान-मोठी तपासा. तिथे सहसा हा भेद धरला जात नाही, लिनक्सवर धरला जातो, आणि इंपोर्टमध्ये एक कॅपिटल अक्षर चुकलं तरी बिल्ड मोडतं.

आणखी तीन गोष्टी सारख्या आडव्या येतात. चेकआउट मुळात फक्त एक कमिट आणतं, त्यामुळे टॅगवरून (कमिटला दिलेल्या नावावरून) व्हर्जन काढणारी स्क्रिप्ट अडखळते; 'फेच-डेप्थ' शून्य ठेवलं की पूर्ण इतिहास येतो. 'एनपीएम इन्स्टॉल' लॉकफाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) बदलून पुढे जातं, तर बॉटवरचं 'एनपीएम सीआय' लॉकफाइल जुळली नाही की तिथेच थांबतं. आणि रनरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, म्हणून तारखांच्या टेस्ट आपल्या मशीनवर 'टीझेड=यूटीसी' लावूनही चालवून पाहाव्यात.

प्रश्न: बॉट फेलही दाखवत नाही, पासही नाही. तपासणी 'प्रतीक्षेत' म्हणून दोन दिवस पडून आहे. पुन्हा पुश केलं तरी तेच.

त्या प्रकल्पाला तुम्ही पहिल्यांदाच कोड पाठवत असाल तर मेंटेनरच्या मंजुरीशिवाय बॉट हलणार नाही. अनोळखी माणसाचा कोड परस्पर चालवू नये म्हणून ही अट असते. कुबरनेटीस या प्रकल्पाच्या प्राऊ बॉटमध्ये यासाठी सदस्याला '/ओके-टू-टेस्ट' अशी टिप्पणी द्यावी लागते. नम्रपणे एकदा आठवण करून द्या. पुन्हा पुन्हा पुश केल्याने मंजुरी मिळत नाही.

दुसरं कारण मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन बदल एकाच ओळींवर आदळणं. तात्पुरता मर्जच होत नसेल तर गिटहब 'पुल_रिक्वेस्ट'चा वर्कफ्लो सुरूच करत नाही. शिवाय एखादा कमिट दुसऱ्या वर्कफ्लोने त्याच्या 'गिटहब_टोकन'ने (गिटहबने त्याला दिलेल्या परवान्याने) पुश केला असेल तर त्यावरूनही नवी फेरी सुरू होत नाही. बॉटने बॉटला आणि त्याने पुन्हा पहिल्याला जागं करत राहू नये म्हणून हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे.

तिसरं कारण मेंटेनरच्या हातचं आहे. वर्कफ्लोवर 'फक्त अमुक फोल्डर बदलला तरच चालव' असा पाथ फिल्टर लावला आणि तीच तपासणी मर्जसाठी सक्तीची केली, तर केवळ डॉक्युमेंटेशन बदलणारी पुल रिक्वेस्ट कायमची लटकते. उपाय असा: वर्कफ्लो नेहमी सुरू होऊ द्या आणि अट आतल्या जॉबवर (वर्कफ्लोतल्या एका कामावर) लावा, कारण अटीमुळे वगळलेला जॉब यशस्वी धरला जातो.

पण इथेच एक वाईट खड्डा आहे. पुष्कळ प्रकल्प सगळ्या जॉबच्या शेवटी एक 'सर्व ठीक' जॉब ठेवतात आणि तेवढाच सक्तीचा करतात. आधीचा जॉब फेल झाला की हा शेवटचा जॉब वगळला जातो, आणि वगळला म्हणजे यशस्वी! टेस्ट फेल असतानाही मर्जचं बटण हिरवं होतं. म्हणून त्या जॉबवर 'इफ: ऑलवेज()' लावा आणि आधीच्या प्रत्येक जॉबचा निकाल त्यात स्पष्टपणे तपासा. ही दुरुस्ती झाल्यावर एक टेस्ट मुद्दाम मोडून पुल रिक्वेस्ट उघडा आणि बॉट खरंच अडवतो का ते बघा.

प्रश्न: आमच्या काही टेस्ट कधी पास, कधी फेल होतात. सगळे 'पुन्हा चालवा' दाबतात आणि हिरवं झालं की मर्ज करतात. आपोआप तीनदा चालवण्याची सोय करावी का?

ती सोय करण्याआधी हिशेब मांडा. प्रत्येक टेस्ट हजारात एकदाच विनाकारण फेल होते असं धरा. अशा हजार टेस्ट असतील तर शंभरपैकी सुमारे ६३ फेऱ्यांत किमान एक तरी लाल दिसेल. म्हणजे एकेक टेस्ट जवळजवळ निर्दोष असूनही बॉट निम्म्याहून जास्त वेळा खोटं बोलतो. गूगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे जाहीर केले होते: टेस्टच्या सुमारे १.५ टक्के फेऱ्यांचा निकाल लहरी निघत होता आणि जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडा तरी लहरीपणा होता. तेव्हा तुमचा संघ निष्काळजी आहे असं मुळीच नाही. पण लाल फुलीकडे दुर्लक्ष करायची सवय लागली की खरी चूकही त्याच बटणाखालून निसटते, आणि ते नुकसान मोठं आहे.

आपोआप पुन्हा चालवणं हे वेदनाशामक औषध आहे. प्रोग्रॅममध्येच रेस कंडिशन (दोन कामांपैकी आधी कोणतं होतं यावर निकाल बदलणं) असेल तर टेस्ट दहात एकदा फेल होईल आणि तीन संधी दिल्यावर हजारात एकदा. दोष तसाच वापरणाऱ्यांपर्यंत जाईल. अगदीच गरज असेल तर एकदाच पुन्हा चालवा, आणि 'दुसऱ्या फेरीत पास' हा निकाल वेगळा नोंदवा, साध्या 'पास'मध्ये मिसळू नका.

कारणं शोधायला घेतलीत तर ती फार थोडी असतात. 'दोन सेकंद थांब आणि मग तपास' अशी टेस्ट वेगवान लॅपटॉपवर पास होते, पण रनरवर शेजारचं काम जड असेल तर दोन सेकंद पुरत नाहीत. ठरावीक वेळ थांबण्याऐवजी अट पूर्ण होईपर्यंत थोड्या थोड्या वेळाने तपासा आणि वरची मर्यादा सैल, म्हणजे तीस सेकंद ठेवा. अट पूर्ण होताच टेस्ट पुढे जाते, त्यामुळे वेळ वाया जात नाही. ठरावीक पोर्टवर सर्व्हर उघडणाऱ्या दोन टेस्ट समांतर चालल्या की भांडतात. पोर्ट शून्य मागा, ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट देते. एका टेस्टने डेटाबेसमध्ये ठेवलेल्या नोंदीवर दुसरी अवलंबून असते; क्रम उलटसुलट करून चालवलं की ती सापडते, गो भाषेत त्यासाठी '-शफल=ऑन' आहे. बाहेरच्या सेवेला खरा कॉल करणारी टेस्ट ती सेवा बंद पडली की पडते. अशा टेस्ट पुल रिक्वेस्टच्या तपासणीत नकोतच. त्यांची रात्रीची वेगळी फेरी ठेवा.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं? टेस्ट १ टक्का वेळा फेल होत असेल तर ती सलग ३०० वेळा नशिबाने पास होण्याची शक्यता साधारण ५ टक्के उरते. म्हणून दहा-वीस फेऱ्यांवर समाधान मानू नका. ३०० फेऱ्या करा, आणि त्याही एकाच कोअरवर किंवा मशीनवर मुद्दाम ताण देऊन. निवांत मशीनवर लहरी टेस्ट शहाण्यासारखी वागते.

दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर ती टेस्ट विलगीकरणात टाका: चालू राहील, निकाल दिसेल, पण मर्ज अडवणार नाही. तिच्या नावाने इश्यू उघडा, जबाबदार माणूस आणि तारीख लिहा. हे न लिहिलेलं विलगीकरण म्हणजे टेस्ट काढून टाकणंच होय.

प्रश्न: फोर्कवरून (प्रकल्पाच्या दुसऱ्या कुणाच्या खात्यावरच्या प्रतीवरून) आलेल्या पुल रिक्वेस्टमध्ये आमची सिक्रेट (पासवर्डसारखी गुप्त मूल्यं) रिकामी येतात, त्यामुळे बॉटला कव्हरेजची (टेस्टने किती कोड तपासला याची) टिप्पणी टाकता येत नाही. 'पुल_रिक्वेस्ट_टार्गेट' वापरा म्हणजे चालेल, असं कुणी सुचवलं. वापरू का?

त्या इव्हेंटवर फोर्कचा कोड चेकआउट करून बिल्ड करणार असाल तर कदापि नाही. सिक्रेट रिकामी येतात ती बिघाडामुळे नव्हे, संरक्षण म्हणून. फोर्कवरून आलेल्या फेरीला फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं टोकन मिळतं. 'पुल_रिक्वेस्ट_टार्गेट' मूळ रिपॉझिटरीच्या संदर्भात चालतं, तिथे सिक्रेट हाताशी असतात आणि टोकनला लिहिण्याचेही अधिकार असू शकतात. त्यात परक्याचा कोड चालवलात तर घराची किल्ली त्याच्या हातात दिलीत.

'मी फक्त टेस्ट चालवतो' हा बचाव टिकत नाही. टेस्ट हाही कोडच आहे. पॅकेज.जेसनमधली पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट, रस्ट या भाषेतली बिल्ड.आरएस, पायथनची सेटअप.पीवाय, मेकफाइल, हे सगळं पुल रिक्वेस्ट पाठवणारा बदलू शकतो आणि ते टेस्टच्या आधीच चालतं.

काम दोन वर्कफ्लोंत विभागा. पहिला साध्या 'पुल_रिक्वेस्ट'वर चालू द्या: कोणतंही सिक्रेट नाही, अधिकार फक्त वाचण्याचा, तो बिल्ड करतो, कव्हरेज काढतो आणि आकडा फाइलमध्ये लिहून आर्टिफॅक्ट (फेरीनंतर जपून ठेवलेली फाइल) म्हणून चढवतो. दुसरा 'वर्कफ्लो_रन'वर, पहिला संपल्यावर सुरू होतो. त्याला टिप्पणी लिहिण्यापुरता अधिकार द्या. तो आर्टिफॅक्ट उतरवतो, आकडा वाचतो, टिप्पणी टाकतो. त्यातली कुठलीही फाइल चालवायची नाही, आणि पुल रिक्वेस्टचा क्रमांक खरंच फक्त अंकांचा आहे का हेही तपासायचं, कारण ती फाइल परक्या कोडने लिहिलेली आहे.

पुल रिक्वेस्टचं शीर्षक किंवा ब्रँचचं नाव शेल कमांडमध्ये थेट चिकटवू नका. कुणी शीर्षकातच कमांड लिहून पाठवली तर ती तुमच्या रनरवर चालते. ते मूल्य आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घ्या आणि शेलमध्ये अवतरणचिन्हांत वापरा.

दुसऱ्यांनी लिहिलेल्या ॲक्शन (वर्कफ्लोत जोडायच्या तयार पायऱ्या) वापरताना टॅगवर विसंबू नका. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स' या लोकप्रिय ॲक्शनचे जुने टॅग हल्लेखोरांनी घातक कमिटकडे वळवले आणि ती वापरणाऱ्या प्रकल्पांची सिक्रेट बिल्ड लॉगमध्ये छापली जाऊ लागली. पूर्ण ४० अंकाक्षरी कमिट हॅश लिहिला असेल तर टॅग कुठेही वळवला तरी तुमचा वर्कफ्लो तोच जुना कोड वापरतो. आणि सार्वजनिक रिपॉझिटरीला स्वतःच्या नेटवर्कमधला रनर जोडू नका. फेरी संपल्यावर ते मशीन नष्ट होत नाही. एका पुल रिक्वेस्टने मागे ठेवलेली प्रोसेस पुढच्या सगळ्यांची वाट बघत बसू शकते.

प्रश्न: दोन्ही पुल रिक्वेस्ट हिरव्या होत्या. दोन्ही मर्ज केल्या आणि मुख्य ब्रँच मोडली. बॉटने फसवलं का?

बॉटने जे पाहिलं ते खरंच सांगितलं. त्याने दोघींना एकत्र पाहिलंच नव्हतं. एकीने फंक्शनचं नाव बदललं, दुसरीने जुन्या नावाचा नवा कॉल दुसऱ्याच फाइलमध्ये लिहिला. ओळी वेगळ्या असल्याने गिटला कॉन्फ्लिक्ट दिसत नाही, पण एकत्र कंपाइल होत नाही.

यावरचा उपाय रस्टच्या सुरुवातीच्या काळापासून वापरात आहे. रस्टचे जनक ग्रेडन होअर यांनी नियम मांडला की मुख्य ब्रँच नेहमी सगळ्या टेस्ट पास करणारी असावी, आणि ती तशी ठेवण्याचं काम यंत्राने करावं. रस्टमध्ये रिव्ह्यू करणारा बॉर्स या बॉटला 'आर+' सांगतो. बॉर्स तो बदल ताज्या मुख्य ब्रँचवर मर्ज करून तपासतो आणि पास झाला तरच मुख्य ब्रँच पुढे सरकवतो. गिटहबची मर्ज क्यू आणि गिटलॅबची मर्ज ट्रेन याच तत्त्वावर चालतात.

गिटहबवर क्यू सुरू करताना वर्कफ्लोत 'मर्ज_ग्रुप' हा इव्हेंट जोडायला विसरू नका. तो नसेल तर क्यूमधली तपासणी सुरूच होत नाही आणि रांग अडून बसते. वेगाचाही विचार करा. बिल्डला ३० मिनिटं लागत असतील आणि बदल एकेक करून तपासले तर २४ तासांत जास्तीत जास्त ४८ मर्ज होतील. आठांचा गट एकत्र तपासला तर पास झाल्यावर एका फेरीत आठही जातात. फेल झाल्यावर गट निम्मा-निम्मा करत दोषी शोधावा लागतो. म्हणून टेस्ट लहरी असतील तर आधी त्या सुधारा, क्यू मग आणा. नाहीतर एका खोट्या फेलमुळे आठजण थांबतात.

प्रश्न: लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टवर पॅच (मेलने पाठवायचा कोडमधला बदल) पाठवला. दोन दिवसांनी 'कर्नल टेस्ट रोबो'चा मेल आला की माझ्याकडे नसलेल्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारावर) बिल्ड मोडलं. काय करायचं?

घाबरू नका, हा मेल रागावण्यासाठी नसतो. इंटेल चालवत असलेला हा रोबो लिस्टवरचे पॅच उचलून अनेक आर्किटेक्चर आणि अनेक कॉन्फिगवर बिल्ड करतो. मेलमध्ये कंपायलरची आवृत्ती, कॉन्फिग फाइल आणि तीच चूक पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या असतात. त्यासाठी ते हार्डवेअर लागत नाही, क्रॉस कंपायलर (दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी बिल्ड करणारा कंपायलर) पुरतो.

एक्स८६ वर चालून इतरत्र मोडण्याची नेहमीची कारणं ठरलेली आहेत. एखादी हेडर फाइल एक्स८६ वर दुसरीच्या आडून आपोआप आत येते, तुम्ही ती स्वतः इन्क्लूड केलेली नसते. ३२ बिटी आर्किटेक्चरवर ६४ बिटी संख्येचा साधा भागाकार केला की लिंकर '__यूडिव्हडीआय३' सापडत नाही म्हणून तक्रार करतो. तिथे 'डिव्ह_यू६४' वापरायचं. 'साइझ_टी' छापताना '%एलयू' ऐवजी '%झेडयू' हवं. आणि एखादा कॉन्फिग पर्याय बंद असताना त्या फंक्शनचा रिकामा स्टॅटिक इनलाइन पर्याय हेडरमध्ये नसतो.

चूक तुमच्या पॅचची वाटतच नसेल तर रोबोने तो चुकीच्या ट्रीवर (कर्नलच्या दुसऱ्याच प्रतीवर) लावला असण्याची शक्यता आहे. पॅच बनवताना 'गिट फॉरमॅट-पॅच --बेस=ऑटो' वापरलं की शेवटी 'बेस-कमिट' ओळ जोडली जाते आणि रोबोला अंदाज बांधावा लागत नाही. त्यासाठी तुमची ब्रँच अपस्ट्रीमला जोडलेली हवी.

दुरुस्ती त्याच पॅचच्या पुढच्या आवृत्तीत करत असाल तर रोबोच्या नावाचा 'रिपोर्टेड-बाय' टॅग लावू नका. तो दोष कधी ट्रीत गेलाच नाही, मग टॅग वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. मूळ पॅच आधीच स्वीकारला गेला असेल आणि दुरुस्ती स्वतंत्र पॅचने जात असेल तेव्हा 'रिपोर्टेड-बाय' आणि 'क्लोजेस' दोन्ही लावा. मेलमध्येही हेच लिहिलेलं असतं. आणि पुढच्या आवृत्तीवर रोबोचा मेल आला नाही, तर तेवढ्यावरून सगळं पास झालं असं समजू नका. मेलमध्ये दिलेली कॉन्फिग स्वतः एकदा बिल्ड करा.

प्रश्न: बॉटची एक फेरी ५० मिनिटं घेते. कमी कशी करू?

आधी मोजा: प्रत्येक पायरीपुढे वेळ दिलेला असतो. फॉरमॅट आणि लिंट (कोडच्या मांडणीची आणि साध्या चुकांची तपासणी) सर्वांत आधी ठेवा म्हणजे स्वल्पविरामाची चूक एका मिनिटात कळेल. नवा पुश आला की त्याच पुल रिक्वेस्टची जुनी फेरी रद्द होईल असं करा. गिटहबवर 'कन्करन्सी'खाली 'कॅन्सल-इन-प्रोग्रेस' आहे. मुख्य ब्रँचवर मात्र हे लावू नका, तिथे प्रत्येक कमिटचा निकाल हवा असतो. कॅशेच्या (पुढच्या फेरीसाठी साठवलेल्या फाइलींच्या) नावात लॉकफाइलचा हॅश आणि कंपायलरची आवृत्ती दोन्ही घाला, नाहीतर कंपायलर बदलल्यावर जुन्या ऑब्जेक्ट फाइली नव्यांत मिसळतात. टेस्ट समांतर जॉबमध्ये वाटताना फाइलींची संख्या बघू नका, मागच्या फेरीत लागलेला वेळ बघा. आणि जॉबला वेळमर्यादा द्या. गिटहबवर ती न दिल्यास ३६० मिनिटं धरली जाते, म्हणजे अडकलेली टेस्ट सहा तास रनर अडवून ठेवते. नेहमीच्या वेळेच्या दुप्पट मर्यादा पुरते.